दाजी खोबरेकरांचे सात गडी

दाजी खोबरेकरांनी आमच्या कॉलेजला सात वर्षांत एकही ढाल जिंकून दिली नाही. ढाल ठेवायचं काचेचं कपाट मात्र पहिल्याच वर्षी तयार होतं. प्राचार्यांनी ते सागवानी करवून घेतलं होतं आणि आतून लाल कापड लावलं होतं. ढाल येईपर्यंत रिकामं कशाला, म्हणून दाजी त्यात मैदान आखायचा चुना ठेवत. दोन महिन्यांत कापडाचा मूळ रंग कोणता हे सांगावं लागू लागलं.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका गावात आमचं कॉलेज निघालं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण कॉलेज आपल्यामुळेच निघालं असं म्हणणारी चार घराणी तिथे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. कॉलेज खोबऱ्याच्या जुन्या वखारीत भरे. दमट हवेत भिंतींना असा वास सुटे की मुलांना शिकण्यापेक्षा जेवण आधी आठवे. आम्ही सहा प्राध्यापक होतो. मी इतिहास शिकवायचो आणि वयाने सगळ्यांत लहान होतो, म्हणून जिमखाना माझ्या गळ्यात पडला. मी स्वतः शेवटचा पळालो होतो तो आमच्या कुडाळच्या घरी गाय सुटली तेव्हा.

क्रीडाशिक्षक नेमायची कॉलेजची ऐपत नव्हती. शिपायाची जागा तेवढी मंजूर होती. दाजी मुंबईला एका गिरणीच्या संघातून सहा वर्षं हुतुतू खेळले होते. सातव्या वर्षी पकडीत डावा गुडघा गेला आणि गिरणीने त्यांना सन्मानाने घरी पाठवलं. सन्मान म्हणजे नारळ. नारळाच्या गावात परत जाणाऱ्या माणसाला गिरणीने नारळ दिला, हे दाजी कोणालाही सांगत, आणि सांगताना हसत नसत. तर दाजी कागदोपत्री शिपाई झाले. घंटा द्यायची, टपाल वाटायचं, प्राचार्यांचा पंखा पुसायचा आणि उरलेल्या वेळात हुतुतूचा संघ घडवायचा, अशी ती नेमणूक होती.

माणूस बुटका, काळासावळा. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा शर्ट, तो मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डावा पाय वाकत नसे. चालताना टाच मागे ओढली जाई. वाळूतून दाजी गेले की मागे एक सरळ रेघ राही, आणि मुलं म्हणत की दाजींना मैदान आखायला चुना लागतच नाही. बोलणं थोडं. त्यातलं निम्मं गुडघ्याविषयी.

"गुडघो म्हणजे बापूस," ते नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगत. "आसा तवसर किंमत नाय. गेल्यार रडान काय उपेग?"

कॉलेजला मैदान नव्हतं. भात कापल्यावर देवळाजवळचा मळा मिळे, तोही सामन्यांपुरता. म्हणून दाजी सराव घेत तो समुद्रावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत. ती वाळू घट्ट असते आणि पडलं तर सोलत नाही. अडचण एकच होती. ओहोटी कॉलेजचं वेळापत्रक पाळत नाही. ती रोज पाऊण तास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला ती संध्याकाळी पाच-सहाला यायची आणि अष्टमीला भर दुपारी बाराला. त्यामुळे अष्टमीच्या सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला सात बाकं रिकामी असत आणि पौर्णिमेला सगळे हजर. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर एक आलेखही काढला होता.

प्राचार्य सांगलीकडचे. शिस्तीचा माणूस. समुद्र त्यांनी चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला होता आणि त्याचं वागणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी लेखी हुकूम काढला की सराव रोज सायंकाळी पाच वाजताच होईल, यात कोणताही बदल होणार नाही. दाजींनी हुकूम वाचला, फलकावर लावला आणि खाली सही केली.

पुढच्या अष्टमीला प्राचार्य स्वतः पाहणीला आले. मीही बरोबर होतो. बरोबर पाच वाजले होते आणि भरती जवळजवळ पुरी झाली होती. कमरेएवढ्या पाण्यात तीन एका बाजूला नि चार दुसऱ्या बाजूला असे गडी उभे होते. एक जण 'हुतुतू' म्हणत चढाईला निघाला की लाट तोंडात जाई आणि दम तुटे. दाजी छातीएवढ्या पाण्यात शर्टाची सगळी बटणं लावून उभे होते आणि 'बाद' म्हणून हात वर करत होते.

"खोबरेकर, हे काय चाललंय?" प्राचार्यांनी काठावरून विचारलं.

दाजी पाण्यातून चालत आले, ठिबकत उभे राहिले आणि कचेरीत बोलायच्या मराठीत म्हणाले, "सराव, साहेब. पाच वाजले."

हुकूम दुसऱ्या दिवशी मागे घेतला गेला. पण दाजींच्या लक्षात आलं होतं की पाण्यात पळून पोरांच्या पोटऱ्या भरतात. त्यांनी आठवड्यातून एक दिवस पाण्यातला सराव कायमचा ठेवला आणि त्याला 'प्रिन्सिपल' असं नाव दिलं. "आज प्रिन्सिपल आसा," असं मुलं एकमेकांना सांगत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आदर नसे.

सरावाआधी दाजी रोज गाऱ्हाणं घालत. समुद्राकडे पाठ, देवळाकडे तोंड. "बा देवा म्हाराजा, ही पोरा तुझी आसत, तेंचे हातपाय सांभाळ रे म्हाराजा," असं ते म्हणत आणि मुलं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत. मी इतिहासाचा प्राध्यापक. मी हाताची घडी घालून बाजूला उभा राही. दाजींनी कधी मला आग्रह केला नाही.

संघ निवडायचा तोही देवाच्या कौलाने. आमच्याकडे लग्न, बी-पेरणी, कोर्टातला दावा सगळं देवाला विचारून होतं, मग हुतुतू का नाही? रवळनाथाच्या पाषाणावर भिकू गुरव ओल्या कळ्या चिकटवी. दाजी एकेक नाव घेऊन विचारत. उजव्या अंगाची कळी पडली तर गडी आत, डाव्या अंगाची पडली तर बाहेर. मला सुरुवातीला हा सोयीचा प्रकार वाटला. संस्थेच्या प्रत्येक सभासदाचा एकेक भाचा कॉलेजात होता, आणि प्राचार्यांशी भांडता येतं तसं रवळनाथाशी येत नाही. भिकू आणि दाजी एका वयाचे, एका वाडीतले. कळी किती ओली चिकटवायची हे भिकूच्या हातात. मी मनाशी काय समजायचं ते समजलो होतो.

माझा हा समज तिसऱ्या वर्षी मोडला. संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या सुधाकर याचं नाव कौलाला आलं. हा मुलगा जिना चढल्यावर पाणी मागायचा. कौल लावला आणि उजवी कळी टपकन पडली. भिकू गुरवाचंच तोंड उतरलं. मी दाजींना बाजूला घेऊन म्हटलं, "पुन्हा एकदा विचारा की. देवाला ऐकू आलं नसेल."

"देवान सांगल्यान तर सांगल्यान, मास्तरांनू," दाजी म्हणाले.

सुधाकर त्या वर्षी सगळे सामने खेळला. म्हणजे तो मैदानात होता. आम्ही ते सगळे हरलो. दाजी त्याबद्दल देवाला किंवा सुधाकरला एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. उलट, सुधाकरचा दम बारा आकड्यांवरून तीसवर गेला याचं त्यांना कौतुक होतं.

बाहेरगावी आम्ही पहिल्यांदा गेलो तो प्रसंगही सांगण्यासारखा आहे. घाटावरचं मोठं कॉलेज होतं. त्यांच्या संघाला एकसारख्या पट्ट्यांचे बनियन होते आणि मालिश करायला वेगळा माणूस होता. नोंदणीच्या टेबलावर दाजींना हुद्दा विचारला. दाजींनी खरं ते सांगितलं. "शिपाई." त्यांनी दाजींच्या हातात लगेच किटली दिली. मी भांडायला उठलो तर दाजींनी डोळ्यांनी बसवलं आणि दोन्ही संघांना चहा वाटला. घाटावरच्या गड्यांच्या खोलीत ते चांगली दहा मिनिटं होते. परत आले तेव्हा आम्ही सगळे कान टवकारून बसलो होतो.

"तेंचो तो उंच गडी आसा ना, उजव्या कोपऱ्यातलो," दाजी हळूच म्हणाले. "तेचो उजवो गुडघो दुखता. पट्टी बांधल्यान हा, वयर लेंगो घातल्यान हा."

मुलांचे डोळे चमकले. माझेही चमकले असतील.

"तेव्हा तेका त्या पायाक कोणी धरूचा नाय," दाजी म्हणाले. "कमरेक धरा. नायतर सोडा."

आम्ही तो सामना एका गुणाने हरलो. तो उंच गडी शेवटच्या चढाईत आमच्या तिघांच्या हातून निसटला. तिघांनीही त्याला कमरेला धरलं होतं. परतीच्या एसटीत मी दाजींशी आंबोलीचा घाट उतरेपर्यंत बोललो नाही. मला फार राग आला होता. दाजी शेजारी डावा पाय मधल्या वाटेत लांब करून शांत झोपले होते आणि कंडक्टर दर वेळी तो ओलांडत होता.

खरं तर आमचा संघ हरायचं कारण दुसरंच होतं. मुंबईच्या गिरण्यांना कापसाइतकेच हुतुतूचे गडी लागत. चांगल्या गड्याला खात्यात चिकटवून घेत. दाजी वर्षभर खपून एखादा चढाईबहाद्दर तयार करत, आणि तो जरा नावारूपाला आला की मुंबईच्या चुलत्याचं, मामाचं पत्र येई. पोरगा ट्रंक उचलून चालता होई. घरी दुसरं काय होतं? वरकस जमीन आणि चार काजूची झाडं. दाजी त्याला अडवत नसत. "भाताचो तरवो आमचो, लावणी मुंबयत," एवढंच म्हणत आणि दुसऱ्या दिवशी नव्या पोराला खाली बसून उठायला शिकवू लागत.

सातव्या वर्षी गोविंद तळवडेकर आला. आम्ही त्याला गोंद्या म्हणायचो. आत, डोंगराच्या पायथ्याच्या गावातला. बाप वारलेला, घरी आई आणि दोन लहान बहिणी. तो कॉलेजच्याच माळ्यावर राहायचा. त्याची चढाई पाहताना मलासुद्धा हाताची घडी सोडावीशी वाटे. दाजी त्याला कधी शाबास म्हणाले नाहीत. फक्त गोंद्या चढाईला गेला की ते स्वतःचा श्वास रोखत, आणि तो परत आला की सोडत. हे मी शेजारी उभा असल्यामुळे मला माहीत.

त्या वर्षी आम्ही गटातले दोन्ही सामने जिंकलो. अंतिम सामना रविवारी, आणि तोही आमच्याच गावात, देवळाजवळच्या मळ्यात. समोर तेच घाटावरचं कॉलेज. गाव महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता. चार घराण्यांनी मळ्याला चार बाजूंनी बांबू दिले. प्राचार्यांनी कपाटातला चुना काढायला लावून नवीन लाल कापड आणलं.

गुरुवारी टपाल आलं. टपाल दाजीच वाटत. अकराच्या सुमारास ते माझ्या खोलीत आले आणि एक लांब पाकीट टेबलावर ठेवलं. कोपऱ्यात एका गिरणीचं नाव छापलेलं. वर 'गोविंद तळवडेकर यांस' असं लिहिलेलं.

"माका असलाच इला होता," दाजी म्हणाले. "हात लावल्यार कळता."

पाकीट बंदच होतं, पण आत काय असणार ते दोघांनाही ठाऊक होतं. गोंद्याच्या मुंबईच्या मामाने आधीच कळवलं होतं की गिरणीत जागा आहे, पत्र आलं की येत्या सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर दुसरा माणूस घेतील. सोमवारी मुंबईत पोचायचं तर शनिवारची बोट गाठायला हवी. पुढची बोट मंगळवारी. रविवारी सामना खेळून एसटीने निघालं तरी कोल्हापूरमार्गे सोमवार सकाळ गाठणं शक्य नव्हतं.

मी जे बोललो ते लिहायला मला आज लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, "दाजी, टपालाचं काय, दोन दिवस इकडे-तिकडे होतंच. हे पत्र सोमवारी आलं असं समजा. कोणाला कळणार?"

दाजींनी पाकीट उचललं आणि शर्टाच्या आत घातलं. "माका म्हायत आसा गिरण काय करता ता," ते म्हणाले. "सा-सात वर्सा. मगे नारळ." मग दाराकडे वळले. "देवाक इचारतंय," म्हणाले आणि गेले. बाराची घंटा त्या दिवशी मी दिली.

तासाभराने ते परत आले. गोंद्या ओसरीवर बसून नखं कापत होता. दाजींनी पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बोट शेनवारची," ते म्हणाले. "ट्रंक भर."

गोंद्याने पत्र वाचलं. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. "दाजीनू, आयतवार होवंदे. मगे जातंय."

"आयतवारची बोट नाय."

"पण सामनो?"

"सामनो आमी बघतंव. तुझी आवस नि भयणी पैशाची वाट बघतत." दाजी वळले, परत फिरले. "आणि एक. वर्साक एक कार्ड धाडूचा. गुडघो कसो आसा ता लिवायचा. बाकी काय लिवला नाय तरी चलात."

गावात ही बातमी दुपारीच पसरली. संध्याकाळी पंधरा-वीस माणसं दाजींच्या दारात गोळा झाली. अध्यक्षही होते. आवाज चढले. दाजी उंबऱ्यात डावा पाय लांब करून बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "देवाक इचारून इलंय." देवाने सांगितल्यावर काय बोलणार? लोक एकेक करून निघून गेले.

शनिवारी दुपारी गोंद्या पडावात बसून बोटीकडे गेला. दाजी पोचवायला आले नाहीत. ओहोटीची वेळ होती, ते सहा गडी आणि सुधाकरच्या धाकट्या भावाला घेऊन सराव करत होते. रविवारी आम्ही हरलो. गुणसंख्या सांगत नाही. मळ्याच्या चारी बाजूंनी गाव उभा होता आणि शेवटी शेवटी तिकडून खोकल्याचासुद्धा आवाज येत नव्हता. घाटावरच्या संघाने ढाल बसच्या टपावर बांधून नेली. सोमवारी दाजींनी चुन्याची पिशवी परत कपाटात ठेवली.

पुढच्या वर्षी एक कार्ड आलं. त्यावर पत्ता सोडून पाचच शब्द होते. 'गुडघा बरा आहे. आपला गोविंद.' दाजींनी चुना खाली टाकला, कपाट पुसलं आणि कार्ड लाल कापडाला टेकवून मधोमध उभं केलं. त्यानंतरच्या वर्षी दुसरं आलं, तेही तिथेच. प्राचार्यांनी पाहिलं, चष्मा पुसला आणि कपाटाची किल्ली दाजींकडेच राहू दे म्हणाले.

मला रत्नागिरीला नोकरी मिळाली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी देवळात नारळ ठेवायला गेलो. देवावर विश्वास नसला तरी गावाचा निरोप असाच घेतात. भिकू गुरव एकटाच होता. बोलता बोलता गोंद्याचा विषय निघाला. मी म्हटलं, देवाने त्या दिवशी पत्र द्यायला सांगितलं ते बरं झालं. भिकू नारळ सोलता सोलता थांबला.

"खंयचो देव सांगता?" तो म्हणाला. "तेणी इचारल्यान, पत्र आयतवारपर्यंत ठेवू? उजवी कळी पडली. ठेव म्हणान. दुसऱ्यांदा इचारल्यान. परत उजवी. तिसऱ्यांदा लाव म्हणालो तो, आणि मी कळी लावच्या आधीच दाजी उठलो नि गेलो. एवढ्या वर्सात तेणी देवाचा आयकूक नाय ता तितक्याच."

मी तसाच समुद्रावर गेलो. दाजी टाच ओढत नव्या मैदानाची बाजू आखत होते. सात नवी पोरं. निघायच्या गडबडीत त्या वर्षी मी सरावाला गेलोच नव्हतो, एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. मी दाजींच्या बरोबरीने चालत राहिलो आणि भिकूने सांगितलं ते सांगितलं. त्यांनी आधी रेघ पुरी केली.

"देवाचा काय चुकला नाय," मग ते म्हणाले. "तोय गावचोच मा? तेका सामनो जिंकूचो होतो. माकाय होतो."

मी उद्याची बोट किती वाजता आहे ते विचारलं. वेळ मला माहीत होती. त्यांनी सांगितली, मग पोरांना रांगेत उभं केलं आणि देवळाकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, ही पोरा तुझी आसत, तेंचे हातपाय सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि हेंच्यातल्या कोणाचा पत्र इला, तर ता येळार तेच्या हातात पडांदे रे म्हाराजा."

पोरांना हे गाऱ्हाणं नेहमीचंच होतं. त्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि या खेपेला त्यांच्याबरोबर मीही म्हटलं. दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोरांना म्हणाले, "चला. पाणी येता."